उटणं वर्षभर टिकतं, मग क्रीम आठ दिवसांत का नासतं?

गुलाबी झाकणाची छोटी काचेची डबी होती. आत मी घरी केलेलं पहिलं क्रीम होतं. कुंडीतल्या कोरफडीचा गर, गुलाबपाणी, बदामाचं तेल आणि थोडं मधमाश्यांचं मेण. मिक्सरमधून काढलं तेव्हा ते पांढरंशुभ्र, ताज्या लोण्यासारखं दिसत होतं. त्यातलं अर्धं मी मोठ्या हौसेनं आतेबहिणीला दिलं, कारण तिच्या लेकीच्या गालांवर विकतच्या क्रीमनं पुरळ उठायचं. आठव्या दिवशी तिचा फोन आला. झाकणाच्या आतल्या बाजूला काळपट हिरवे ठिपके आले होते आणि तळाशी पाणी सुटलं होतं. आदल्या रात्रीपर्यंत ते पोरीच्या गालाला लागत होतं. सुदैवानं तिला काही झालं नाही, पण मला त्या रात्री झोप लागली नाही.

माझ्याच कपाटात आदल्या दिवाळीचं उटणं होतं. उघडून पाहिलं तर वास तसाच, रंग तसाच. दोन्ही माझ्याच हातची, दोन्हींत बाजारचं काही घातलेलं नाही. मग एक वर्षभर टिकतं आणि दुसरं आठवडाभरात नासतं, हे कसं? हे कोडं सुटलं आणि मला घरगुती प्रसाधनांचं निम्मं शास्त्र कळलं. उत्तर एका शब्दाचं आहे: पाणी.

स्वयंपाकघरात आपल्याला हे पाठच असतं. ओल्या नारळाची चटणी सकाळी केली तर उन्हाळ्यात संध्याकाळी आंबते, सुक्या खोबऱ्याची लसूण घातलेली चटणी महिनाभर राहते. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घातला म्हणून आपण सगळ्यांनीच लहानपणी बोलणी खाल्ली आहेत. जिवाणू आणि बुरशी हवेत, बोटांवर, भांड्यांवर सगळीकडे असतात. कोरड्या पुडीत ते पडले तरी त्यांची वाढ होत नाही, निव्वळ तेलातही होत नाही. पाणी मिळालं की मात्र ती झपाट्यानं होते, आणि कोरफडीचा गर म्हणजे त्यांच्यासाठी पाण्यासकट वाढलेलं ताट. गराचा बहुतेक सगळा भाग पाणीच असतो, उरलेल्यात साखरेच्या जातीचे पदार्थ.

म्हणून कुठलाही घटक हातात आला की मी आता आधी पाहते, हा कोरडा आहे, तेलाचा आहे की पाण्याचा. नंतर पाहते, याचं नेमकं काम काय. "त्वचेसाठी चांगलं असतं" हे काम झालं नाही. ओलावा धरून ठेवणं, मळ सोडवणं, तेल आणि पाणी एकत्र बांधणं, टिकवणं, वास देणं ही कामं झाली.

कोरड्याचं आधी उरकते, कारण ते सगळ्यात सोपं आणि सुरक्षित आहे. मसुरीच्या डाळीचं पीठ आणि मुलतानी माती तेल आणि मळ शोषून घेतात. आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कचोरा मुख्यतः सुगंध देतात. दिवाळीत आधी तेल लावून मगच उटणं लावतात, त्यात मोठा शहाणपणा आहे. पीठ आणि माती आधी लावलेलं जास्तीचं तेल ओढतात, त्वचेचं स्वतःचं तेल बरंचसं वाचतं. नुसतं उटणं रोज कोरड्या अंगाला चोळलं तर थंडीत अंग पांढरं पडणारच. दुसरं म्हणजे पूड वस्त्रगाळ हवी. जाडसर साल आणि काड्यांचे कण चेहऱ्यावर बारीक ओरखडे काढतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण नंतर चेहऱ्यावर लिंबू किंवा दही लागलं की झोंबतात. गुलाबाच्या पाकळ्या आणि संत्र्याची साल हातात चुरली की कडकड वाजेपर्यंत वाळवावी, नाहीतर कोरडं म्हणून भरलेल्या डब्यात पावसाळ्यात जाळी धरते. दुधात किंवा गुलाबपाण्यात कालवायचं ते तेवढ्यापुरतं. उरलेलं कालवण उद्यासाठी ठेवू नये.

आता तेल. माझी आजी जास्वंद, माका आणि ब्राह्मीचा रस काढून खोबरेल तेलात कढवायची. कढई मंद आचेवर असायची आणि ती शेजारी पाट टाकून बसायची. आधी जोरात तडतड व्हायची, मग हळूहळू बारीक. आजी तेलाकडे बघायची कमी, ऐकायची जास्त. तडतड पूर्ण थांबली, खालचा चोथा बोटांत वळून त्याची वात झाली, की ती वात ती दिव्यावर धरायची. चरचर न करता जळली तर तेल झालं. आयुर्वेदात तेल सिद्ध झाल्याची खूण हीच सांगितली आहे. मला हे वर्षानुवर्षं नुसता रिवाज वाटायचा. खरं तर आजी तेलात पाण्याचा थेंब उरला आहे का, हे तपासत होती. चरचर म्हणजे पाण्याची वाफ. पाणी उरलं तर तेल महिन्याभरात वास मारणार, गेलं तर पुढच्या वर्षापर्यंत पुरणार. आज अनेक जण ताजी पानं तशीच तेलाच्या बाटलीत घालून खिडकीत ठेवतात आणि तळाशी गढूळ थर जमतो. पानं घालायची तर पूर्ण वाळवून घाला, किंवा आजीसारखं कढवा.

तेलं सगळी सारखी नसतात. खोबरेल तेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असतं. त्याचे रेणू छोटे आणि सरळ असतात आणि केसातल्या प्रथिनाशी त्यांचं जमतं, त्यामुळे ते केसाच्या आत शिरतात. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या आरती रेले आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल लावून केस धुतले, विंचरले आणि किती प्रथिन निघून जातं ते मोजलं. तिघांत फक्त खोबरेल तेलानं ते ठळकपणे कमी झालं. ही कंपनी खोबरेल तेल विकते हे लक्षात ठेवूनच वाचावं, पण अभ्यास व्यवस्थित आहे आणि कारणही पटण्यासारखं आहे. केस पाण्यानं फुगतो, वाळताना आकसतो, असं पुन्हा पुन्हा झालं की झिजतो. आधी आत तेल असेल तर तो कमी फुगतो. म्हणजे न्हाण्याआधी तेल लावायची आपली पद्धत बरोबर आहे. मात्र याचा अर्थ खोबरेल तेलानं नवे केस उगवतात असा नाही. उगवणं मुळाशी ठरतं, तेल वाचवतं ते आधीच उगवलेल्या केसाला. एरंडेल तेलाबद्दलही तेच. ते घट्ट, चिकट असतं, केसाला चमक आणि वजन देतं. केस उगवण्याचा त्याचा भक्कम पुरावा नाही, आणि नुसतं लावलं तर ते निघता निघत नाही. चार भाग खोबरेल, एक भाग एरंडेल, एवढं पुरतं.

तेलात बुरशी येत नाही, पण ते खवट होतं. हवा, ऊन आणि उष्णता लागली की तेलाचे रेणू तुटायला लागतात. जवसाचं तेल फार लवकर खवटतं, बदामाचं त्या मानानं सावकाश, खोबरेल बरंच उशिरा. ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल फोडून घालतात ती यासाठी उपयोगी आहे, ते खवटपणा लांबवतं. जिवाणू मात्र ते मारत नाही. "मी व्हिटॅमिन ई घातलंय, टिकेल," असं माझ्यासमोर कोणी म्हटलं की मला ती गुलाबी डबी आठवते, कारण त्या क्रीममध्येही मी दोन कॅप्सूल फोडल्या होत्या.

नवख्यांनी सुरुवात तेल आणि मेणापासूनच करावी असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे त्यासाठी उत्तम वस्तू आहे, ती म्हणजे कोकमाच्या बियांतून निघणारं तेल. गोव्यात आणि तळकोकणात त्याला भिरंडेल म्हणतात, आणि पावसाळ्यात चिखल्या झाल्या किंवा थंडीत टाचा फुटल्या की ते दिव्यावर पातळ करून भेगांत भरतात. साध्या हवेत ते घट्ट वड्यांसारखं असतं आणि चाळीस अंशांच्या आसपास वितळतं. खोबरेल तेल चोवीस-पंचवीस अंशांना वितळतं, म्हणून पुण्यात जानेवारीत बाटलीतून निघत नाही आणि मे महिन्यात पाण्यासारखं असतं. मधमाश्यांचं मेण साठ अंशांच्या पुढे वितळतं. या तीन आकड्यांवर मलमाची सगळी घडण अवलंबून आहे. खोबरेल ५० ग्रॅम, कोकम तेल ३० ग्रॅम, मेण २० ग्रॅम. एका पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात कोरडं भांडं ठेवायचं, आधी मेण, मग कोकम, मग खोबरेल, आणि वितळलं की डब्यांत ओतायचं. नागपूरच्या उन्हाळ्यात मलम ढिलं पडत असेल तर मेण थोडं वाढवा, महाबळेश्वरला दगड होत असेल तर कमी करा. यात पाणी नाही, त्यामुळे टिकाऊपणासाठी वेगळं काही घालावं लागत नाही. फक्त ओली बोटं डबीत घालायची नाहीत.

मग लोक क्रीमच्या मागे का लागतात? कारण नुसतं तेल ओशट वाटतं, आणि कोरड्या त्वचेला तेलाइतकंच पाणी हवं असतं. ते दोन्ही एकत्र आणायची धडपड फार जुनी आहे. दुसऱ्या शतकात रोममध्ये राहणारा ग्रीक वैद्य गॅलन मेण, ऑलिव्ह तेल आणि गुलाबपाणी घोटून मलम करायचा. ते मिश्रण कच्चं होतं. अंगावर लावलं की पाणी सुटून वाफ व्हायचं आणि थंड वाटायचं, त्यावरूनच कोल्ड क्रीम हे नाव पडलं. आपल्याकडे शतधौत घृत आहे. गाईचं तूप तांब्याच्या परातीत घेऊन पाण्यानं शंभर वेळा धुवायचं. तूप हळूहळू पांढरं, हलकं होत जातं, रवाळपणा जातो आणि तुपाचा वासही जवळजवळ नाहीसा होतो. तुपात पाण्याचे आणि हवेचे अतिसूक्ष्म थेंब अडकतात, म्हणून ते पांढरं दिसतं. म्हणजे तेही एक प्रकारचं क्रीमच, आणि त्यात पाणी आहे म्हणून मी ते थोडंच करते आणि लवकर संपवते.

माझ्या गुलाबी डबीतली पहिली चूक इथं होती. मेण तेल घट्ट करतं, पण तेल आणि पाणी बांधत नाही. मिक्सरनं त्यांना तात्पुरतं एकत्र आणलं, आठ दिवसांत ती सुटी झाली. त्यांना बांधायला असा रेणू लागतो ज्याचं एक टोक पाण्याला धरतं आणि दुसरं तेलाला. अंड्याच्या बलकात तो असतो, म्हणून मेयॉनीज जमतं. प्रसाधनात त्यासाठी इमल्सिफाइंग वॅक्स मिळतं. नावात वॅक्स असलं तरी मधमाश्यांच्या मेणाशी त्याचा संबंध नाही. दोन्ही पांढऱ्या दाण्यांच्या रूपात मिळतात, त्यामुळे दुकानात हमखास गोंधळ होतो.

माझं आत्ताचं साधं क्रीम शंभर ग्रॅमचं असं असतं: डिस्टिल्ड पाणी ७२ ग्रॅम, ग्लिसरीन ४, बदाम तेल १२, कोकम तेल ५, इमल्सिफाइंग वॅक्स ६, आणि प्रिझर्व्हेटिव्ह १ ग्रॅम. सगळं वजनानं. चमच्यानं मोजलं तर एक ग्रॅमची वस्तू दोन ग्रॅम कधी होते कळत नाही, म्हणून ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा ही माझी पहिली खरेदी असते. डिस्टिल्ड म्हणून गाड्यांच्या बॅटरीचं पाणी मात्र वापरू नका. ते त्वचेसाठी केलेलं नसतं.

पाणी आणि ग्लिसरीन एका काचेच्या भांड्यात, तेलं आणि वॅक्स दुसऱ्यात. दोन्ही भांडी उकळत्या पाण्यात ठेवून सत्तर-पंचाहत्तर अंशांपर्यंत तापवते. एक थंड आणि एक गरम असलं तर वॅक्सच्या गाठी होतात. मग एकात दुसरं ओतून हॅंड ब्लेंडर अर्धा मिनिट चालवायचा, थांबायचं, पुन्हा चालवायचा. पहिल्या दहा सेकंदांतच पिवळसर तेल आणि स्वच्छ पाणी मिळून एकदम दूध होतं. मी हे शेकडो वेळा पाहिलं असेल, तरी दर वेळी हात थांबतो. दुधाचं घट्ट क्रीम व्हायला मात्र वेळ लागतो. निवत जाईल तसं ते दाटतं, आणि इथं घाई करणारे जास्तीचं वॅक्स घालून बसतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांना मेणचट गोळा मिळतो. चाळीस अंशांच्या खाली उतरलं, म्हणजे भांडं हाताला कोमट लागलं, की प्रिझर्व्हेटिव्ह घालून पुन्हा ढवळायचं.

आता त्या एक ग्रॅमबद्दल, कारण वाद सगळा तिथंच होतो. प्रिझर्व्हेटिव्ह म्हटलं की "मग घरी करून काय उपयोग?" असं लोक विचारतात. मी ते न घातलेल्या क्रीमचं झाकण उघडून पाहिलं आहे, त्यामुळे माझं मत ठाम आहे. पाणी असलेली वस्तू दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर ते घातलंच पाहिजे. ठिपके दिसले ती बुरशी. जिवाणू तर लाखांनी वाढले तरी दिसत नाहीत आणि नेहमी वासही येत नाही. खरचटलेल्या त्वचेला किंवा डोळ्याला असं क्रीम लागलं तर संसर्ग होऊ शकतो. कडुलिंबाचं तेल, टी ट्री तेल, मध, तुरटी यांपैकी काहीही थोडंसं घालून पाण्याचं क्रीम टिकत नाही. फ्रिजमुळे वाढ मंदावते, थांबत नाही. फ्रिजमधली वरणाची वाटी चौथ्या दिवशी आपण खात नाही, मग चेहऱ्याला का लावावी?

घरी वापरायला फिनॉक्सिइथेनॉल असलेली तयार मिश्रणं सोपी पडतात. फिनॉक्सिइथेनॉल जास्तीत जास्त एक टक्का वापरायचं असतं, म्हणजे शंभर ग्रॅममध्ये एक ग्रॅम. वरच्या पाककृतीतला आकडा तोच आहे, त्याच्या पुढे जायचं नाही. सोडियम बेन्झोएट बऱ्याच जणींना कोकम सरबत आणि स्क्वॅशमुळे माहीत असतं. ते स्वस्त आहे, पण आंबट मिश्रणातच काम करतं. सरबतात ते चालतं कारण कोकम आंबट असतं. क्रीमचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप) पाचाच्या वर असेल तर ते असून नसल्यासारखं.

सामू हा शब्द शाळेत शिकून आपण विसरून जातो, पण प्रसाधनांत त्याच्यावाचून चालत नाही. सात म्हणजे ना आम्ल ना आम्लारी, शुद्ध पाणी. खाली गेलं की आम्ल, वर गेलं की आम्लारी. आणि एक पायरी म्हणजे दहा पट. आपल्या त्वचेचा वरचा थर किंचित आंबट असतो, पाचाच्या आसपास. लिंबाचा रस दोन-अडीचच्या आसपास, म्हणजे त्वचेपेक्षा शेकडो पट आंबट. खायच्या सोड्याचं पाणी आठाच्या पुढे, साबण नऊ-दहा. म्हणून सोडा आणि लिंबू आलटून पालटून चोळायचा उपाय वाचला की मला काळजी वाटते. सोड्यानं केसांचे बाहेरचे खवले उचलले जातात, गुंता वाढतो, केस खरखरीत होतात. सामूच्या कागदी पट्ट्या प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात सहज मिळतात. क्रीम किंवा केसांचं पाणी केलं की एक पट्टी बुडवायची. साडेचार ते साडेपाचच्या मध्ये असेल तर निर्धास्त.

ह्याच मोजपट्टीवर शिकेकाई पाहिली की जुन्या बायकांचं न्हाणं समजतं. रिठा आणि शिकेकाईत सॅपोनिन असतं. त्याचा रेणूही दोन टोकांचा, एक तेल धरतं, दुसरं पाणी. क्रीममध्ये असा रेणू तेल आणि पाणी बांधून ठेवतो, डोक्यावर तेल आणि मळ पाण्यासोबत वाहून नेतो. रिठ्याला भरपूर फेस येतो आणि तो जास्त कडक आहे. शिकेकाईला फेस कमी, पण तिचं पाणी किंचित आंबट असतं, त्यामुळे केस साबणानं होतात तसे राठ होत नाहीत. फेस कमी म्हणजे सफाई कमी, हा टीव्हीनं लावलेला समज आहे. दोन्ही डोळ्यांना प्रचंड झोंबतात, लहान मुलांना न्हाऊ घालताना जपा. आणि हेही पाणीच आहे. रात्री भिजवून सकाळी उकळलेलं शिकेकाईचं पाणी फ्रिजमध्ये दोन दिवस, पुढे नाही. बाटलीत भरून महिनाभर ठेवायची असेल तर पूड ठेवा. जवसाच्या जेलचंही तसंच. ते केसांना सुंदर बसवतं, पण आठवड्यात त्याला आंबूस वास येतो आणि तार सुटायला लागते.

ग्लिसरीन, गुलाबपाणी आणि लिंबाचा रस समभाग घालून केलेली बाटली आपल्याकडे थंडीत घराघरांत असते. ग्लिसरीन पाणी ओढून धरून ठेवतं, म्हणून त्वचा मऊ वाटते. पण हवा अगदी कोरडी असेल आणि ग्लिसरीन दाट असेल तर ते पाणी हवेतून न घेता त्वचेच्या आतून घेतं आणि चेहरा ओढल्यासारखा वाटतो. तीन ते पाच टक्के भरपूर झालं. बाटलीतला लिंबू मात्र काढून टाका. आंबटपणाचं सोडा, लिंबाच्या सालीत आणि रसात असे पदार्थ असतात जे उन्हात त्वचा भाजतात. लिंबू पिळून उन्हात गेल्यावर हातावर फोड येऊन काळे डाग महिनोन्महिने राहिल्याची उदाहरणं डॉक्टरांना नेहमी दिसतात. बावचीतही हेच पदार्थ असतात. कोडावर ती वैद्याच्या देखरेखीखाली, उन्हाचा हिशोब ठेवून वापरतात. कुणी उटण्यात किंवा तेलात बावची घालायला सांगितली तर घालू नका.

सुगंधी तेलं, म्हणजे लॅव्हेंडर, टी ट्री, पेपरमिंट वगैरे, थेंबांत मोजायची असतात. एका मिलिलिटरमध्ये साधारण वीस थेंब. चेहऱ्याच्या वस्तूत शंभर ग्रॅमला दहा थेंब, म्हणजे अर्धा टक्का, याच्या पुढे मी जात नाही. लहान बाळांसाठी आणि गरोदर बायकांसाठी घालतच नाही. कोरफडीचं पान कापलं की पिवळा चीक निघतो. तो खाज आणतो. पान उभं ठेवून चीक पूर्ण निथळू द्यावा, मग गर काढावा. मेंदीबद्दल एकच सांगते. मेंदीच्या पानांचा रंग नारिंगी ते तांबूस असतो. जी "मेंदी" अर्ध्या तासात काळी होते तिच्यात बहुधा पीपीडी हे रसायन असतं, आणि त्यानं टाळूवर, कपाळावर जबरदस्त सूज येऊ शकते. काळा रंग पानांपासूनच हवा असेल तर आधी मेंदी आणि नंतर नीळ वनस्पतीच्या पानांची पूड, अशा दोन पायऱ्या कराव्या लागतात.

साबणाविषयी विचारणा होते, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. इतकंच सांगते की साबण कॉस्टिक सोड्याशिवाय होत नाही, आणि प्रत्येक तेलाला सोडा वेगळा लागतो. शंभर ग्रॅम खोबरेल तेलाला साधारण १८ ग्रॅम, तेवढ्याच एरंडेलाला १३ च्या आसपास. एक तेल नाही म्हणून दुसरं घातलं आणि सोडा तेवढाच ठेवला तर उरलेला सोडा कातडी जाळेल. सोडा पाण्यात घालायचा, सोड्यावर पाणी कधीही ओतायचं नाही, आणि ॲल्युमिनियमचं पातेलं चालत नाही, सोडा ते खातो आणि त्यातून पेट घेणारा वायू निघतो. चष्मा, हातमोजे नसतील तर करूच नका.

सनस्क्रीन मात्र घरी करू नका. झिंक ऑक्साइडची पूड क्रीममध्ये घोटली तर ती दिसायला पांढरी आणि एकसारखी दिसते, पण तिच्या गाठी आणि मधल्या रिकाम्या जागा डोळ्यांना कळत नाहीत. किती संरक्षण मिळतं हे प्रयोगशाळेतच मोजता येतं, आणि चूक झाली तर ती भाजल्यावरच कळते.

नवी वस्तू केली की ती आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेत लावायची आणि दोन दिवस वाट पाहायची. घरच्या वस्तूंचीही ॲलर्जी येते. बदाम, मध, मेण, हळद, कशाचीही.

या सगळ्याचा एक फायदा असा झाला की विकतच्या डबीमागची बारीक अक्षरं मला वाचता यायला लागली. घटक एक टक्क्यापेक्षा जास्त असतील तर ते उतरत्या क्रमानं लिहायचे असतात, त्याखालचे कसेही. 'अ‍ॅक्वा' म्हणजे पाणी, 'कोकोस न्यूसिफेरा' म्हणजे आपला नारळ. पुढच्या बाजूला मोठं केशराचं चित्र असेल आणि मागच्या यादीत केशर प्रिझर्व्हेटिव्हच्याही नंतर असेल, तर ते किती आहे याचा अंदाज बांधता येतो.

दिवाळीच्या तोंडावर बचत गटातल्या मैत्रिणी विचारतात, की हेच करून विकलं तर? विकायला जरूर यावं, पण मग ती घरगुती वस्तू राहत नाही. देशात २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम लागू आहेत आणि विक्रीसाठी प्रसाधन बनवायला परवाना लागतो. महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो. जिथं परवाना असलेला कारखाना आपल्या पाककृतीनं माल बनवून देतो, तो रस्ताही आहे. एकमेकींना भेट देणं वेगळं, आणि अनोळखी माणसाच्या चेहऱ्यावर लागणारी वस्तू पैसे घेऊन देणं वेगळं.

आतेबहिणीच्या लेकीला मी त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. तिला सुगंधाची ॲलर्जी निघाली, म्हणजे माझ्या त्या क्रीममधलं गुलाबपाणीही तिला पुढेमागे बाधू शकलं असतं. आता तिच्यासाठी कोकमाचं मलम करते, बिनवासाचं. डबीवर पांढरी पट्टी चिकटवून पेनानं लिहिलेलं असतं: खोबरेल, कोकम, मेण. पाणी नाही. सुगंध नाही. केल्याची तारीख. ओलं बोट घालू नये.